थांबायची ऐपत

राजाबाई टॉवरच्या दगडात खानदेशच्या कापसाचा पैसा आहे, असं मी म्हटलं की मुंबईतले मित्र हसतात. आला मोठा जळगावचा, असा त्यांचा चेहरा होतो. आमच्याकडचे नातेवाईक हसत नाहीत. आपला पैसा कुठे गेला हे कळलं, तर आता वसुलीला कुणाला पाठवायचं, हा त्यांच्या मनात पहिला विचार येतो. हिशेब तसा सरळ आहे. हा टॉवर उभा राहिला प्रेमचंद रायचंद नावाच्या शेअर दलालाच्या देणगीतून. देणगी दिली १८६४ साली. त्या साली मुंबईत जो पैसा पाण्यासारखा वाहत होता तो कापसाचा होता, आणि मुंबईत कापूस पिकत नाही. पिकत होता तो गुजरातेत, वऱ्हाडात, धारवाडकडे आणि आमच्या तापी-गिरणेच्या काळ्या मातीत.

प्रेमचंद मूळचा सुरतेचा. दसा ओसवाल जैन घर, वडील लाकडाचे व्यापारी. लहानपणीच कुटुंब मुंबईला आलं. पोरगा इंग्रजी शिकला आणि विशीच्या आतबाहेर असतानाच दलालीत शिरला. इंग्रजी लिहिता-बोलता येणारा पहिला देशी दलाल तोच, असं म्हणतात. याचा फायदा काय झाला असेल ते सांगायला नको. साहेब लोकांच्या बँका, कचेऱ्या, त्यांचे कागद आणि त्यांच्या मनातलं, हे सगळं त्याला मधल्या माणसाशिवाय कळत होतं. त्याच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: विलायतेहून येणारी बोट बंदराला लागण्याआधीच तो आपले छोटे मचवे खोल समुद्रात पाठवायचा आणि लिव्हरपूलचा कापसाचा भाव इतरांच्या आधी हातात पाडून घ्यायचा. तार अजून धड आली नव्हती. भावाची बातमी बोटीनं यायची आणि ती काही आठवडे शिळी असायची. त्या शिळ्या बातमीत दोन तासांची आघाडी मिळाली तरी बाजार मारता येत होता.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग त्यांना हिंदुस्थानचा कापूस आठवला, ज्याला ते सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि नाक मुरडत. आखूड धाग्याचा, कचऱ्याचा, यंत्रावर तुटणारा. देवा, कापूस पाठव पण सुरत नको, अशी तिथल्या मजुरांची प्रार्थना सांगितली जाते. नाक मुरडत का होईना, त्यांनी तो घेतला. भाव कित्येक पटींनी चढले.

तेव्हाचा खानदेश एकच जिल्हा होता, कचेरी धुळ्याला. पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी व्हायला १९०६ उजाडावं लागलं. योगायोग असा की प्रेमचंदही त्याच साली वारला. कापूस मुंबईला पोचवायचा म्हणजे बैलगाडी. आग्रा रोडनं नाशिक, मग थळ घाट. घाटातली रेल्वे सुरू झाली १ जानेवारी १८६५ ला, म्हणजे तेजी सरत आली तेव्हा. तोवर चढत्या भावाच्या सगळ्या वर्षांत घाट उतरला तो बैलांच्या मानेवरूनच. हातानं फिरवायच्या लाकडी चरख्यावर सरकी काढायची, रुई ठासून भरायची, गाड्यांची रांग करून निघायचं. वाटेत धूळ, वळीव, मुक्कामाला चोरटे. आणि गाडी उतरवली की व्यापारी म्हणणार, माल खराब आहे.

माल खराब असायचाही, खोटं कशाला बोला. भाव चढला तशी भेसळ चढली. वजन वाढावं म्हणून पाणी मारणं, रुईत सरकी आणि माती ढकलणं. सरकारला १८६३ साली कापसातल्या लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. हे वाचलं तेव्हा मला मोठी गंमत वाटली, कारण आजही सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर आठ ते बारा टक्के ओलाव्याची अट असते आणि काट्यावरची निम्मी भांडणं त्या ओलाव्यावरूनच होतात. शेतकरी म्हणतो दव पडलं, ग्रेडर म्हणतो नळ सोडला.

इकडे मुंबईत काय चाललं होतं? पैसा इतका आला की त्याला ठेवायला जागा उरली नाही. मग जागाच तयार करायची ठरली. समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, नुसत्या कागदावरच्या कितीतरी कंपन्या निघाल्या. त्यांतली सगळ्यात मोठी बॅक बे रेक्लमेशन. तिच्या पाच हजार रुपये भरलेल्या शेअरला पन्नास हजारांच्या घरात भाव मिळाला. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचं भांडवल असलेली, पोक्त बँक. तिचाही पाचशेचा शेअर २,८५० वर गेला. या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद होता. कुठल्या कंपनीचे किती शेअर कुणाला द्यायचे हे त्याच्या शब्दावर ठरायचं. पहाटेपासून त्याच्या दारात लोक उभे असायचे म्हणतात, त्यात गोरे अंमलदारही. बँका शेअर तारण ठेवून कर्ज देत, त्या कर्जातून आणखी शेअर घेतले जात, ते पुन्हा तारण. बँक ऑफ बॉम्बेचा पैसाही असाच वाहिला आणि त्यात प्रेमचंदचा वजनदार हात होता. त्याचं चरित्र लिहिणारे इथे जरा घाईनं पुढे सरकतात आणि टॉवरपाशी येऊन थांबतात. मला ते पटत नाही. ज्या माणसाच्या एका होकारावर बँकेची तिजोरी उघडत होती, त्याला बुडालेल्या ठेवीदारांच्या हिशेबातून वगळायचं कसं?

पण देणगीही खरीच आहे. ऑगस्ट १८६४ मध्ये त्यानं मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. विद्यापीठ तेव्हा जेमतेम सात वर्षांचं, स्वतःची इमारतही नव्हती. दोनेक महिन्यांतच आणखी दोन लाख आले, मनोऱ्यासाठी, आणि मनोऱ्याला आईचं नाव द्यावं एवढं म्हणणं: राजाबाई. आईची नजर गेली होती, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं तर वेळ कळायला हवी, म्हणून घंटेचा टॉवर, ही कथा मुंबईत सगळ्यांना तोंडपाठ आहे. खरीखोटी कोण जाणे. आराखडा केला जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं, लंडनमध्ये बसून. हा गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलाच नाही. पायाभरणी १८६९ ला, काम पुरं झालं १८७८ ला. उंची दोनशे ऐंशी फूट.

तारखा नीट बघा. पैसा दिला १८६४ ला, पायाभरणी १८६९ ला. मधल्या काळात प्रेमचंद बुडाला होता.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. ती बातमी मुंबईत पोचली आणि कापूस कोसळला. सगळे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, १ जुलै १८६५ या एकाच तारखेला पुरे व्हायचे होते. त्या दिवशी घेणाऱ्याकडे द्यायला पैसे नव्हते आणि विकणाऱ्याकडे घ्यायला माणूस नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० चा शेअर पुढे ८७ रुपयांवर आला. बॅक बेचा शेअर दोन हजारांनाही कुणी विचारेना. १८६८ मध्ये बँकच गुंडाळली, चौकशीला आयोग बसला. प्रेमचंदनं आपली मालमत्ता घेणेकऱ्यांच्या हवाली केली.

म्हणजे त्या चार वर्षांत त्यानं जे काही कमावलं त्यातलं वसूल झालं ते फक्त देणगीत दिलेलं. बाकी सगळा कागदी नफा. आता याला कुणी पुण्याईचं फळ म्हणेल. मला यात दलालाचा हात दिसतो. भाव वर असताना बाहेर पडायचं हे ज्याला रक्तातून ठाऊक, त्याला शेअर विकून बाहेर पडणं जमलं नाही, पण दान देऊन थोडा तरी बाहेर पडला. अजून जरा वाढू दे, मग देऊ, असं त्यानं म्हटलं असतं तर १८६५ च्या जुलैत द्यायला काहीच नव्हतं.

खानदेशात काय झालं? तेजीत इथला कुणबी चांदीवर तुटून पडला. गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या, असं त्या काळाबद्दल सांगतात. शंभर ठिकाणी ऐकलेली गोष्ट आहे, त्यामुळे एखाद्या हौशानं खरंच बसवल्या असतील एवढंच मी मानतो. भाव उतरले तेव्हा चांदी आधी सावकाराकडे गेली, मग जमीन. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या दारात जाऊन कर्जाची खतं आणि रोखे जाळले, आणि ते लोण नगर जिल्ह्यापर्यंत गेलं. कारणं बरीच होती, शेतसाऱ्यातली वाढ होती, पण कापसाची तेजी आणि मग आपटी हे त्यातलं एक ठळक कारण होतं. त्याच १८७५ च्या जुलैत मुंबईच्या दलालांनी आपली संघटना बांधली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार झाली. तिच्या स्थापनेतही प्रेमचंदचं नाव आहे. एकाच पडझडीतून उठून काहींनी संघटना काढली आणि काहींनी काडी लावली.

खानदेशात शेअर बाजार हा शब्द अजूनही दबक्या आवाजात उच्चारतात. अमक्याचा मुलगा बिघडला, तमक्याचा शेअरमध्ये गेला, साधारण एकाच सुरात. आमचे जिभाऊ, वडिलांचे चुलतभाऊ, पारोळ्याकडे शेती करतात, त्यांना तर तो नुसता जुगार वाटतो. त्यांनी जन्मात एक शेअर घेतलेला नाही. पण २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, कुठे कुठे बारा हजारांच्याही. जिभाऊंनी दिवाळीआधीच खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकला होता. वर्षभर ती सल राहिली. पुढच्या हंगामात नऊ हजारांचा भाव दारात चालून आला तेव्हा त्यांनी व्यापाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं.

मी संक्रांतीनंतर गेलो तेव्हा घरात शिरायला वाट नव्हती. पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. मधल्या खोलीत पलंग उभा करून भिंतीला लावलेला, उरलेल्या जागेत कापूस. देव स्वयंपाकघराच्या फळीवर आले होते. दिव्याची ज्योत कापसापासून लांब राहावी म्हणून काकूंनी फळीखाली पत्रा ठोकून घेतला होता. माणसं ओसरीत झोपत. कापसात बारीक किडे झाले होते. नातवंडांच्या हातापायांवर पुरळ उठलेलं, सारखी खाजवत होती. रात्री उंदीर. पुढच्या खोलीच्या दाराशी कापूस दाबला गेला होता आणि खालचा थर पिवळट पडायला लागला होता. जिभाऊ मोबाईलवर कुणीतरी पुढे ढकललेला न्यूयॉर्कचा वायदा वाचून दाखवत होते. मी म्हटलं, जिभाऊ, हा सट्टाच झाला की. ते चिडलेच. “कापूस मना शे, घर मनं शे. मी काय सट्टा खेळस का?”

मेच्या शेवटी विकला, सात हजारांच्या आसपास. तोवर वाळून वजन घटलं होतं ते वेगळंच. आणि विकला तो भाव पटला म्हणून नाही, तर नव्या लागवडीचं बियाणं आणायचं होतं आणि दुकानदारानं मागची उधारी चुकती केल्याशिवाय पिशवी देणार नाही म्हणून सांगितलं होतं.

प्रेमचंदच्या मचव्यांचं मला म्हणूनच फारसं नवल वाटत नाही आता. जिभाऊंकडे लिव्हरपूलचा, न्यूयॉर्कचा, राजकोटचा, सगळीकडचा भाव त्याच मिनिटाला येतो. बातमीत ते कुणाच्या मागे नाहीत. मागे आहेत ते थांबण्यात. बाजारात जो तारखेला बांधलेला असतो तो मरतो. मुंबईच्या सटोडियांना १ जुलै होती, जिभाऊंना मृग नक्षत्र. ज्याला कुठलीच तारीख नाही तोच निवांत बसतो.

अशी निवांत माणसं बघायची असतील तर फार लांब जायला नको, अमळनेरला जावं. १९४५ च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजींनी तिथे वनस्पती तुपाची कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. पुढच्याच वर्षी शेअर विक्रीला आले आणि गावातल्या व्यापाऱ्यांनी, थोड्याफार शेतकऱ्यांनी ते घेतले. १९६६ साली प्रेमजी वारले, मुलगा अझीम एकविसाव्या वर्षी अमेरिकेतलं शिक्षण सोडून आला, तुपाच्या कंपनीची विप्रो झाली. बोनसवर बोनस, म्हणजे हातातल्या शेअरमागे फुकट शेअर, मिळत गेले. १९९७ ला तर एका शेअरला दोन. तेव्हाचे शंभराचे कागद ज्यांनी ट्रंकेत ठेवले त्यांची नातवंडं कोट्यधीश आहेत. अमळनेरचे लोक हे फार शहाणपणानं केलं असं सांगतात. मला वाटतं, निम्म्या घरांत कागद विसरले गेले होते. विसरणं हीसुद्धा थांबण्याची ऐपतच. पोटाला चिमटा नसेल तरच कागद विसरता येतो. जिभाऊंच्या वडिलांनी तेव्हा शेअर घेतले असते तर १९७२ च्या दुष्काळात मोडले असते, याबद्दल मला शंका नाही.

अझीम प्रेमजी काही शेअरचे दलाल नव्हेत, पण देण्याच्या बाबतीत त्यांचं नाव घ्यावंच लागतं. २०१९ च्या मार्चपर्यंत त्यांनी आपल्या फाउंडेशनच्या नावे केलेल्या वाट्याची किंमत एक लाख पंचेचाळीस हजार कोटींवर गेली होती. विप्रोतल्या मालकीचा सदुसष्ट टक्के लाभ तेव्हा तिकडे जात होता. ही देणगी प्रेमचंदच्या उलट चालीची आहे. त्यानं विकून रोख दिलं आणि पाच वर्षांनी पाया खणला गेला. यांनी झाडच देऊन टाकलं, फळं दरसाल. कुठली चाल बरी, असं विचाराल तर कंपनी टिकणार असेल तर दुसरी. १८६४ च्या मुंबईत टिकणारी कंपनी शोधून काढणं मात्र प्रेमचंदच्या बापालाही जमलं नसतं. त्यानं कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले, तिथली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती बंगालमध्ये आजही मानाची आहे. बॅक बेचे शेअर दिले असते तर त्या शिष्यवृत्तीवर कुणाचं एक पुस्तकही आलं नसतं.

खानदेशाला त्यातलं काय मिळालं, हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. सरळ असं काही नाही. पण अमळनेरचं प्रताप कॉलेज १९४५ साली निघालं तेव्हा पुणे विद्यापीठ जन्मालाही आलं नव्हतं, कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. खानदेशात राहून बी.ए. झालेल्या पहिल्या पोरांची पदवीपत्रं त्याच टॉवरच्या आवारातून आली. आणि ते कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते प्रतापशेठ गिरणीमालक. म्हणजे पुन्हा कापूसच. त्यांनी १९१६ साली अमळनेरसारख्या गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं, नुसतं बसून तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला. मुंबईच्या मनोऱ्याचं कौतुक करताना हे आपल्या घरचं उदाहरण आम्ही विसरतो, याचा मला राग येतो.

जिभाऊंचा धाकटा मुलगा हल्ली मोबाईलवर ऑप्शन, म्हणजे शेअर बाजारातले मुदतीचे सौदे, खेळतो. वडिलांना माहीत नाही. आईला अर्धवट माहीत आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभरातल्या त्र्याण्णव सामान्य लोकांचं नुकसान झालं, आणि ते नुकसान मिळून एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर जातं. मी हा आकडा त्याला सांगितला. त्याला तो आधीच माहीत होता. त्याला वाटतं तो उरलेल्या सातातला आहे. त्याची १ जुलै दर आठवड्याला येते, एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपायच्या दिवशी, दुपारी साडेतीनला.

प्रेमचंदची गोष्ट मात्र त्यानं मन लावून ऐकली. तो बुडाला कसा हे त्यानं विचारलंच नाही; पुन्हा उभा कसा राहिला हे विचारलं. मी म्हटलं, परत दलालीच केली. भाव चढो की पडो, घेणारा आणि विकणारा दोघेही दलालाकडे येतातच, आणि दोघांकडून पैसे मिळतात. पोरगा जरा वेळ मोबाईल हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे या ॲपवाल्यांसारखं. ऑर्डरमागे वीस रुपये कापतात, मी हरलो तरी.”